नाट्यपदावर छापलेली ‘चाल’ : संगीत नाटकांच्या जुन्या संहिता कशा वाचाव्यात

नाट्यसंगीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. संगीत नाटकाच्या जुन्या छापील संहितेत बहुतेक प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याची ओळ दिलेली असते, तर या सगळ्या चाली उसन्या होत्या का, हा पहिला. तसे असेल तर त्या नाटकांचा संगीतकार कोणाला म्हणायचे, हा दुसरा. आणि एकच पद दोन मोठे गायक दोन अगदी निराळ्या चालींत गातात, त्यांतली खरी कोणती, हा तिसरा. मी ऑर्गनची साथ करत आणि पुढे पदे शिकवत या नाटकांच्या सहवासात आयुष्याचा मोठा भाग काढला आहे. तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

थोडक्यात उत्तर असे की होय, पहिल्या चाळीस वर्षांतल्या बहुतेक चाली आधीपासून अस्तित्वात होत्या आणि नाटककाराने त्यांच्यावर शब्द बसवले. पण यात चोरी नव्हती, लपवाछपवी तर नव्हतीच; नाहीतर ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याची ओळ नाटककाराने स्वतःच्या पुस्तकात छापून कशाला दिली असती? त्या काळी स्वरलेखनाची सर्वमान्य पद्धत रुळलेली नव्हती आणि नाटकमंडळीतल्या नटाला तर ती वाचता येण्याची शक्यताच नव्हती. त्याला पद शिकवायचे म्हणजे त्याच्या कानात आधीच असलेले गाणे आठवून द्यायचे. चालीची ओळ हेच त्या काळचे स्वरलेखन होते, आणि ती आज आपल्याला अनोळखी वाटते याचे कारण एवढेच की ती ज्या गाण्यांकडे बोट दाखवते ती गाणी आपल्या कानांतून गेली. मात्र या ओळी सलग वाचत गेले तर मराठी रंगभूमीचे गाणे कोणत्या वर्षी कोणाच्या दारात उभे होते ते फार स्वच्छ दिसते. माझ्या मते या नाटकांचा इतिहास त्यांच्या कथानकांपेक्षा या ओळींत अधिक आहे.

आरंभ १८४३ पासून करावा लागतो. त्या वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. त्यात पदे भरपूर होती, पण ती गात असे सूत्रधार. तोच मागच्या साथीदारांसह कथा गाऊन पुढे नेई आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करत. म्हणजे राम रंगमंचावर उभा असे, रामाचे मनोगत मात्र सूत्रधाराच्या गळ्यातून बाहेर पडत असे. ही पद्धत कीर्तनाला आणि कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांना जवळची होती. अशा व्यवस्थेत एकच गळा तयार असला की भागत असे आणि चालींचा साठाही बेताचा पुरत असे.

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी हे मोडले. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी एका पारशी मंडळीचा गाण्याने भरलेला खेळ पाहिला आणि तसे मराठीत करायचे मनावर घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. दुष्यंत स्वतः गातो, शकुंतला स्वतः गाते, कण्वही स्वतःच गातो, ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिचे त्या वेळचे नावीन्य लक्षातच येत नाही. परंतु तिचा एक सरळ व्यावहारिक परिणाम झाला. आता प्रत्येक मुख्य पात्राला गळा हवा होता, आणि प्रत्येक पात्राला, प्रत्येक प्रसंगाला निराळी चाल हवी होती. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे आहेत. एवढ्या चाली एका माणसाने नव्याने बांधणे शक्य नव्हते आणि त्याची गरजही कोणाला वाटली नाही. किर्लोस्करांनी आपल्या कानावर जे जे पडले होते ते सगळे कामाला लावले.

त्यांच्या कानावर पुष्कळ पडले होते. त्यांचा जन्म १८४३ मध्ये गुर्लहोसूर येथे, म्हणजे मराठी आणि कानडी एकमेकांत मिसळलेल्या मुलखात झाला. त्यामुळे कीर्तनातली पदे, बायकांची गाणी, ओव्या, लावण्या आणि कानडी चाली हे सगळे त्यांना घरचे होते. ‘सौभद्र’ उघडून पाहावे. त्याचे पहिले तीन अंक नोव्हेंबर १८८२ मध्ये आणि संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी आले. त्यात कितीतरी पदांवर ‘चाल’ नाहीच. तिथे नुसते ‘साकी’, ‘दिंडी’, ‘कामदा’, ‘अंजनीगीत’ असे लिहिलेले आढळेल. ती छंदांची नावे आहेत आणि त्या प्रत्येक छंदाला कीर्तनाच्या परंपरेने एक ठरलेली म्हणण्याची रीत दिलेली होती. ‘साकी’ एवढे लिहिले की नटाला, साथीदाराला आणि समोर बसलेल्या प्रेक्षकालाही काय ऐकू येणार ते कळत असे. ‘लग्नाला जातो मी’ सारखे पद ऐकताना गाण्यापेक्षा बोलण्याचा भास अधिक होतो, त्याचे रहस्य इथे आहे. साकी आणि दिंडी हे संवाद पुढे ढकलण्याचे साधन होते. तिथे ताना घ्यायच्या नसतात, कारण कथा थांबवून ऐकण्याची ती जागाच नव्हे. आज मैफलीत काही गायक दिंडीलाही ख्यालासारखी, म्हणजे रागाचा विस्तार करत गायच्या गाण्यासारखी, फुलवतात. गळा सुंदर असेल तर ऐकायला बरे वाटते, पण त्या पदाचे रंगभूमीवरचे काम काय होते ते त्यात साफ पुसले जाते.

किर्लोस्करांच्या चालींची निवड किती विचारपूर्वक होती हे पाहायचे असेल तर कृष्णाचे ‘नच सुंदरी करू कोपा’ आणि सुभद्रेचे ‘वद जाऊ कुणाला शरण’ ही दोन पदे एकापाठोपाठ म्हणून पाहावीत. पहिल्यात लाडीगोडी आहे, शब्द चालीवर तरंगतात आणि रुसलेल्या रुक्मिणीला वळवण्याइतकीच त्यांत गोडी आहे. दुसऱ्यात जोगिया रागाचा कोमल ऋषभ पहिल्या काही अक्षरांतच असा लागतो की सुभद्रेची कोंडी सांगायला पुढचे शब्द न लागावेत. चाल उसनी असली तरी ती कोणत्या पात्राच्या तोंडी, कोणत्या क्षणी घालायची हा निर्णय उसना नसतो. नाट्यसंगीतातली प्रतिभा पहिल्यांदा दिसते ती या निर्णयात.

या पहिल्या पिढीचे गाणे प्रत्यक्षात कसे वाजत होते हे मात्र आपल्याला कधीच ऐकता येणार नाही. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि १८८२ मध्ये बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर हे त्या काळचे मोठे गळे. भाऊरावांच्या शकुंतलेने आणि सुभद्रेने महाराष्ट्र वेडा केला होता. पण ते १९०१ मध्ये गेले आणि हिंदुस्थानात गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या अखेरीस. म्हणून त्या काळाविषयी बोलताना छापील चाली आणि शिष्यपरंपरेने आलेली आठवण एवढाच पुरावा हाती उरतो. ‘भाऊराव हे पद असे म्हणत’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्याचा आदर ठेवून पण सावधपणे ऐकावे.

१८८५ मध्ये किर्लोस्कर गेले आणि त्यांचे बेळगावातले विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल यांच्यावर मोठी जबाबदारी आली. देवल उत्तम तालीममास्तर होते आणि ते त्यांच्या पदांत दिसते. ‘शारदा’ १८९९ मध्ये आले. वृद्ध श्रीमंताला कोवळी मुलगी देण्याच्या रूढीवरचे हे नाटक, म्हणजे रंगमंचावर देव नाहीत, राजे नाहीत, शेजारच्या घरातली माणसे आहेत. त्यांच्या तोंडी अवघड रागदारी शोभली नसती. देवलांनी ओळखीच्या, घरगुती वळणाच्या चाली निवडल्या आणि शब्द असे ठेवले की शेवटच्या बाकावर बसलेल्यालाही एका ऐकण्यात कळावेत. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ ही ओळ बोलून पाहा आणि गाऊन पाहा. आघात त्याच अक्षरांवर पडतात. चालीवर शब्द बसवताना ही गोष्ट साधणे अतिशय अवघड आहे, आणि देवलांइतकी ती दुसऱ्या कोणाला साधली असे मला वाटत नाही.

नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची वाट अगदी वेगळी. ‘वीरतनय’ १८९६ मध्ये आले आणि त्याबरोबर पारशी व गुजराती रंगभूमीवरच्या चालींचा लोंढा मराठीत आला. या चाली चटपटीत, उडत्या, ठेक्याला बांधलेल्या होत्या. कीर्तनी वळणाला सरावलेल्या कानांना त्या नव्या वाटल्या. काहींना आवडल्या, काहींना थिल्लर वाटल्या. कोल्हटकरांचे शब्द मात्र त्या चालींच्या मानाने जड होते. अर्थाची कोटी, श्लेष आणि लांबलचक समास अशा चालींवर पळवावे लागले की गायकाची दमछाक होते आणि ऐकणाऱ्याच्या हाती अर्थ लागत नाही. त्यांची पदे आज फारशी गायिली जात नाहीत याला हे एक कारण आहे. तरीही त्यांचे ऋण मान्य करायला हवे. चाल महाराष्ट्राबाहेरून, निराळ्या भाषेतून आणि निराळ्या रंगभूमीवरून आणता येते हे त्यांनी दाखवून दिले, आणि पुढच्या पिढीने हीच मोकळीक घेऊन फार मोठे काम केले.

ते काम सुरू झाले १२ मार्च १९११ रोजी, मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तोवर गद्य नाटकांचे नाटककार म्हणून गाजलेले. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने बंदी घातलेली. त्यांचे हे पहिले संगीत नाटक. चाली निवडून देण्याचे काम गोविंदराव टेंबे यांच्याकडे आले. टेंबे कोल्हापूरचे, हार्मोनियमचे अव्वल वादक, भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांचे गाणे जवळून ऐकलेले. त्यांनी कीर्तन आणि लोकगीते बाजूला ठेवून पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या, ठुमरी, दादरा, होरी या भांडाराला हात घातला. हे गाणे बैठकीत, मुख्यतः बाईजींच्या तोंडी ऐकू येई आणि नव्याने आलेल्या तबकड्यांतूनही घरोघर पोचू लागले होते. ते या नाटकाची मराठी नायिका भामिनी हिच्या तोंडी आले आणि प्रतिष्ठित घरांतल्या बायकामुलींनी ते गुणगुणावे अशी स्थिती निर्माण झाली. या स्थित्यंतराचे सामाजिक मोल फार मोठे आहे, पण त्याबद्दल बोलताना आपण ज्यांच्याकडून हे गाणे घेतले त्या गायिकांची नावे क्वचितच घेतो, हेही नमूद केले पाहिजे.

‘मानापमाना’त पदांची संख्या पन्नासच्या आसपास आली, म्हणजे ‘शाकुंतला’च्या एक चतुर्थांश. याचा अर्थ गाणे कमी झाले असा नाही. पदे घटली आणि प्रत्येक पद लांबले. ‘नाही मी बोलत नाथा’ मध्ये भामिनीचा रुसवा एका ओळीतच सांगून होतो. पुढे गायक त्या एकाच ओळीला किती तऱ्हांनी वळवतो हे ऐकायला लोक बसत. ठुमरीची रीतच ती आहे. किर्लोस्करांच्या साकीत गाणे कथेच्या मागे चालत होते. इथे कथा गाण्यासाठी थांबू लागली. ‘वन्समोअर’चा मारा सुरू झाला, प्रयोग पहाटेपर्यंत चालू लागले आणि नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या गळ्यात ही नवी पद्धत इतकी शोभली की तक्रार करायला कोणाला सुचलेच नाही.

१९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिथे १० डिसेंबर १९१६ रोजी खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले आणि चाली देणारे होते साक्षात भास्करबुवा बखले. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेली होती आणि लहानपणी ते स्वतः किर्लोस्कर मंडळीत काम करून गेले होते, त्यामुळे रंगभूमीला काय पेलते हे त्यांना केवळ ऐकून नव्हे, अनुभवाने माहीत होते. त्यांनी ठुमरीवरून पाऊल पुढे टाकून थेट ख्यालाच्या बंदिशी, म्हणजे राग-तालात बांधलेल्या रचना, दिल्या. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात, ‘सुजन कसा मन चोरी’ भूपात, ‘स्वकुलतारक सुता’ भीमपलासात. महाराष्ट्रातल्या हजारो लोकांना रागांची पहिली ओळख या पदांनी करून दिली, आणि आजही यमन शिकवताना विद्यार्थ्याला अडचण आली की मी ‘नाथ हा माझा’ची आठवण करून देतो.

आता चालीवर शब्द बसवण्याची किंमत काय पडली तेही सांगितले पाहिजे. खाडिलकरांची पदे वाचून पाहिली तर काही ठिकाणी वाक्य कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते कळत नाही. ‘या नवनवल नयनोत्सवा’ किंवा ‘टकमक पाही सूर्य रजनिमुख’ अशा ओळींत अन्वय लावायला बसावे लागते. कारण उघड आहे. मूळ बंदिशीत जिथे लघु अक्षर आहे तिथे लघु, जिथे आकार लांबतो तिथे दीर्घ, आणि जिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते तिथे वजनदार अक्षर, असे साचे भरत जाताना मराठी वाक्याची मोडतोड झाली. पण हीच पदे गायला घेतली की ती तोंडात सहज फिरतात, कारण अक्षरांची निवड गळ्याच्या सोयीने झालेली आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की खाडिलकरांचे पद बसवण्याआधी त्याची मूळ बंदिश मिळाली तर ती शिकून घ्या. बंदिशीत सम कुठे आहे ते कळले की पदात कोणते अक्षर धरायचे आणि कोणते सोडायचे ते आपोआप उलगडते. केवळ अर्थाच्या आधारे शब्द तोडू गेलात तर लय अडखळते; केवळ लयीच्या आधारे गेलात तर भलत्याच अक्षरावर आघात येतो.

गंधर्व मंडळीचेच १९१९ मधले ‘एकच प्याला’ हे उदाहरण तर फारच बोलके आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. त्यातली पदे गडकऱ्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. चाली मिळाल्या बैठकीच्या गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून. म्हणजे संवाद एकाचे, शब्द दुसऱ्याचे, चाली तिसरीच्या आणि गळा बालगंधर्वांचा. एवढे हात लागूनही ‘कशि या त्यजू पदाला’ किंवा ‘सत्य वदे वचनाला’ ऐकताना नायिका सिंधूचे दुःख कुठे सांधलेले वाटत नाही. बैठकीच्या गाण्यातला आर्जवाचा स्वर पतिव्रतेच्या तोंडी देऊन तो इतका निर्मळ वाटावा, ही सुंदराबाईंच्या निवडीची आणि बालगंधर्वांच्या संयमाची करामत आहे. या नाटकाचे श्रेय सांगताना सुंदराबाईंचे नाव गडकरी आणि बालगंधर्वांच्या बरोबरीने यावे असे मला नेहमी वाटत आले आहे.

इथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येऊन जाते. आज आपण चित्रपटात ज्याला संगीतकार म्हणतो तसा माणूस या नाटकांना आरंभी नव्हता. किर्लोस्कर आणि देवल हे नाटककार स्वतःच चाली निवडत. टेंबे आणि बखले यांच्यापासून चाली देणारा माणूस वेगळा झाला. पण त्यांचेही मुख्य काम होते निवडणे, रंगभूमीच्या बेताने त्या चालीला काटछाट करणे आणि नटाच्या गळ्यावर ती चढवणे. त्यात साथीदारांचाही मोठा वाटा असे. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. अशी माणसे मागे बसली की पदाची लय आणि भरणा दोन्ही बदलतात, आणि ते बदल कुठल्याच पुस्तकात छापले जात नाहीत. ऑर्गन वाजवणारा म्हणून मला हे विशेष जाणवते. ऑर्गनचा स्वर अखंड राहतो. गायकाने श्वास घेतला तरी पोकळी पडत नाही. बालगंधर्वांच्या गाण्यातली ती न तुटणारी संथ ओढ आणि मागचा ऑर्गन यांचा संबंध मला नाकारता येत नाही.

तिसरा प्रश्न एकाच पदाच्या दोन चालींचा. त्याचे मूळ मंडळ्यांच्या स्पर्धेत आहे. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श काढली. त्यांचा गळा चढा, झेपावणारा, बालगंधर्वांच्या अगदी उलट प्रकृतीचा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केला. केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकाच नाटकात गाण्याच्या दोन प्रकृती समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीला दंतकथेचे वलय आले. पण संगीताच्या दृष्टीने तिचे महत्त्व हे की पदाची चाल म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, गळा बदलला की तीही बदलू शकते, हे सर्वांच्या समोर घडले.

बळवंत संगीत मंडळीत मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी हाच मार्ग पुढे नेला. त्यांनी धैर्यधराची पदे स्वतःच्या आक्रमक गायकीला मानवतील अशा वेगळ्या चालींत गायिली. आरभी रागातले ‘चंद्रिका ही जणू’ आज बहुतेकांच्या कानात आहे ते त्यांच्यामुळे. या मंडळीला रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखा चालींचा खजिना लाभला होता. ‘रणदुंदुभी’तले ‘परवशता पाश दैवे’ आणि सावरकरांच्या १९३१ मधल्या ‘संन्यस्त खड्ग’मधले ‘शतजन्म शोधिताना’ ही पदे ऐकली की शब्दांतला आवेश आणि चालीतली झेप कशी एकत्र येते ते कळते. तेव्हा दोन चालींपैकी खरी कोणती, या प्रश्नाला मी असे उत्तर देईन की दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्ही एका प्रयोगात मिसळू नयेत. भामिनी टेंब्यांच्या ठुमरीत रुसत असेल आणि धैर्यधर दीनानाथांच्या तानांत उत्तर देत असेल तर ती दोन निराळ्या नाटकांतली माणसे वाटतात. नाट्यगीतांच्या मैफलीत हा दोष झाकला जातो, पण संपूर्ण प्रयोगात ठळक दिसतो.

तिशीच्या दशकात चालीची ओळ संहितेतून हळूहळू नाहीशी होऊ लागली, आणि ही माझ्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ. १९३१ मध्ये ‘संत कान्होपात्रा’ला मास्टर कृष्णरावांनी संगीत दिले. त्यात ‘अगा वैकुंठीच्या राया’ आहे, ‘जोहार मायबाप जोहार’ आहे. हे शब्द नाटककाराने चालीवर बसवलेले नाहीत. ते संतांचे अभंग आहेत, शेकडो वर्षांपूर्वीचे. इथे शब्द अचल होते आणि चालीला त्यांच्यामागून यावे लागले. कृष्णराव हे भास्करबुवांचे शिष्य, पण गुरूने जिथे बंदिशीत शब्द भरवून घेतले तिथे शिष्याने शब्दांतून चाल काढली. ‘अगा वैकुंठीच्या राया’तली भैरवी ऐका; प्रत्येक ओळीचा शेवट कान्होपात्रेच्या हाकेइतकाच लांबतो, त्याहून जास्त नाही.

त्याच सुमारास बोलपट आले आणि चाल देणारी मंडळी तिकडे ओढली गेली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त टेंबे स्वतः हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचेच. मंडळ्यांचे बिऱ्हाड, शेकडा माणसांचे जेवण, मखमली पडदे हे सगळे परवडेनासे झाले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले त्यात पदे मोजकीच होती, स्त्रिया स्त्रियांच्या भूमिका करत होत्या आणि केशवराव भोळे यांनी शब्दांतल्या भावाला धरून चाली बांधल्या होत्या. १९४२ च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्ना भोळे ‘बोला अमृत बोला’ गातात तेव्हा तान नावापुरती उरलेली असते. हा सगळा पालट मला तोट्याचा वाटत नाही, पण लाभ निखळ नव्हता. गायकाला प्रसंगात मुक्काम करण्याची जी सवड बखल्यांच्या पदात होती ती गेली.

ती सवड पुन्हा किती द्यायची याचा हिशेब साठच्या दशकात जितेंद्र अभिषेकींनी मांडला. मंगेशीत जन्मलेल्या आणि रागदारीत मुरलेल्या अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून पद आटोपशीर ठेवले, तीन तासांत नाटक संपवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. ‘गुंतता हृदय हे’ मध्ये विस्ताराच्या जागा चालीतच कोरलेल्या आहेत, गायकाने त्या शोधत हिंडायचे नाही. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त तर चाल हाच कथेचा विषय झाला. तिथे ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येते, म्हणजे या विद्यार्थिनीचा तिसरा प्रश्न तिथे प्रत्यक्ष रंगमंचावर उभा आहे, आणि वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांनी त्याला जे उत्तर दिले ते ज्यांनी ऐकले त्यांना विसरता आलेले नाही.

शेवटी व्यवहाराचे थोडे. जुनी संहिता हाती आली की आधी पदांवरच्या चाली सलग वाचून काढाव्यात; जिथे छंदाचे नाव आहे ती पदे वेगळी काढावीत आणि ती बोलण्याच्या लयीत बसवावीत. जिथे हिंदी बंदिशीची ओळ आहे तिथे ती बंदिश जाणकार गवयाकडून मिळवावी. जिथे कोणालाच न आठवणारे गाणे आहे तिथे परंपरेने आलेली चाल गावी, आणि तीही मिळत नसेल तर नवी बांधताना संहितेत तसे स्पष्ट लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही. नव्या आवृत्त्यांत जागा वाचवण्यासाठी या ओळी अनेकदा गाळलेल्या असतात, तेव्हा शक्य तितकी जुनी प्रत शोधावी. आणि जुन्या तबकडीवरून पद उचलताना हे लक्षात असू द्यावे की ती जेमतेम तीन मिनिटांची होती. रंगभूमीवर तेच पद कितीतरी जास्त वेळ चालत असे, त्यामुळे तबकडीतली घाईची लय हा त्या गायकाचा स्वभाव समजून शिकू नये.